स्कीन्सची जर्सी कोणत्या मापाची घ्यावी? अर्थात बेसबॉलमधला पैसा

मॉन्रोव्हिलकर
सोम, ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यांमध्ये बेसबॉलचं तुणतुणं लावतोय, सांभाळून घ्या. परवापासून डोक्यात किडा वळवळतोय आणि ऑफिसात बोलायची सोय नाही, तिथे सगळे आधीच चिडलेत.

शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी टोरंटोत सातवी मॅच अकराव्या डावात ५-४ अशी खेचली आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) घरी नेली. न्यूयॉर्कच्या यांकीजनी १९९८ ते २००० सलग तीन जिंकल्या होत्या, त्यानंतर पाव शतकात लागोपाठ दोन कुणालाच जमल्या नव्हत्या. टीव्ही बंद करता करता पोरगं म्हणालं, "बाबा, वाढदिवसाला स्कीन्सची जर्सी घेऊ या ना."

काल दुकानात गेलो आणि मापावर अडलो. पोरगं बारा वर्षांचं, दर सहा महिन्यांनी पँट घोट्याच्या वर जाते. बायको म्हणाली, एक माप मोठी घे, तीन-चार वर्षं तरी निघतील. मी हँगर हातात धरून हिशेब करत उभा. पॉल स्कीन्स म्हणजे आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (गोलंदाज). २०२९ चा मोसम संपला की तो फ्री एजंट, म्हणजे वाट्टेल त्या संघाशी करार करायला मोकळा. तोवर पोरगं सोळाचं. पण इथला अनुभव असा की मोकळा व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधीच खेळाडू विकून टाकतात, म्हणजे बदल्यात दोन-चार कोवळी पोरं तरी पदरात पडतात. एक माप मोठी घेतली तर जर्सी अंगाला बरोबर बसेल त्या वर्षी माणूस दुसऱ्या गावी.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० संघ आणि संघाच्या एकूण पगारावर वरची मर्यादा (कॅप) नाही. यंदाच्या सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त संघाच्या पगारात साधारण पाचपट फरक. नवा खेळाडू पहिली तीन वर्षं बहुतेक किमान पगाराच्या आसपास खेळतो (यंदा किमान ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं लवादाकडून पगार ठरतो आणि सहा वर्षं भरली की मोकळा. स्कीन्सला यंदा मिळाले पावणेनऊ लाख. तिकडे न्यूयॉर्कच्या मेट्सनी मागच्या डिसेंबरात हुआन सोटोला १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर कबूल केले.

आता माझा खरा मुद्दा. आमच्या पिट्सबर्गात तीन संघ आहेत. अमेरिकी फुटबॉलचे स्टीलर्स, त्यांचे सहा सुपर बोल किताब. बर्फावरच्या हॉकीचे पेंग्विन्स, त्यांचे पाच स्टॅन्ले कप. आणि बेसबॉलचे पायरेट्स, ज्यांचा शेवटचा किताब १९७९ चा. १९९३ ते २०१२ सलग वीस मोसम त्यांनी जिंकण्यापेक्षा हरण्याचं काम जास्त केलं. मध्ये २०१३ ते १५ तीन बरी वर्षं गेली, मग पुन्हा अंधार. गाव तेच, लोक तेच, पिवळा-काळा रंगही तिघांचा तोच. फुटबॉल आणि हॉकीत पगाराला कॅप आहे, बेसबॉलमध्ये नाही. सिडनी क्रॉस्बी २००५ साली अठराव्या वर्षी इथे आला, तो अजून इथेच आहे. त्याच्या नावाची जर्सी घेताना कुणी माप विचारत नाही.

मग मला सांगा, ही स्पर्धा आहे की काहींनी नर्सरी चालवायची आणि काहींनी झाडं उचलून न्यायची?


तिरकस_तात्या
सोम, ३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

मोठीच घ्या. २०३० साली डॉजर्सची निळी आणायला जाल तेव्हा तीच दाखवून माप सांगता येईल.


चिंचपोकळीचा_चौकार
मंगळ, ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:१५

बेसबॉलमधलं शून्य कळतं, पण अमेरिकेसारख्या देशात कॅप नाही हे वाचून चाट पडलो. आपल्याकडे आयपीएलच्या गेल्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची थैली, त्यातच काय ते बसवा. पंतला २७ कोटी दिले की बाकीच्यांसाठी तेवढे कमी. अंबानी असोत नाहीतर कुणी असोत, थैली सारखीच.

हां, पण तरीही १८ मोसमांतले १० किताब मुंबई आणि चेन्नईकडेच आहेत. म्हणजे कॅप लावली की सगळे सारखे होतात असं काही नाही. (मुंबईकर म्हणून माझी याबद्दल तक्रार नाही.)


आकडेमोड
मंगळ, ४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:३०

चौकारराव, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

मॉन्रोव्हिलकर, दुःख समजतं, पण निष्कर्ष घाईचा आहे. पैशाने किताब विकत मिळतो हे बेसबॉलमध्ये सिद्ध करणं फार अवघड आहे. तुम्ही सोटोचं नाव घेतलंत ना, मग यंदाच्या मेट्सचं काय झालं तेही सांगा. ८३ विजय, ७९ पराभव आणि शेवटच्या दिवशी स्पर्धेबाहेर. त्या दिवशी त्यांना ४-० ने कुणी हरवलं? मायामी मार्लिन्सनी, म्हणजे पगाराच्या यादीत तळाला असलेल्या संघाने. बाद फेरीतली जागा गेली सिनसिनाटीला, त्यांचेही विजय ८३च. २०२३ साली तर मेट्सनी तोवरचा सर्वांत महाग संघ उभा केला आणि ७५ मॅच जिंकल्या. शेर्झर, व्हर्लँडर हे दोन नामांकित पिचर अर्ध्या मोसमातच दुसऱ्यांना देऊन टाकावे लागले.

उलट बाजू बघा. २००२ मध्ये ओकलंडचा पगार यांकीजच्या एक तृतीयांश, विजय दोघांचेही १०३. (त्यावर सिनेमा निघाल्यामुळे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओकलंड पहिल्याच फेरीत हरलं हे मात्र कुणाला आठवत नाही, आणि यांकीजही पहिल्याच फेरीत हरले हे तर त्याहून नाही.) टँपा बे दोनदा अंतिम फेरीत, २००८ आणि २०२०. कॅन्सस सिटी २०१५ चे विजेते. २०१५ ते २०२३ या नऊ वर्षांत आठ वेगवेगळे विजेते.

कारण खेळाच्या स्वभावातच आहे. बास्केटबॉलमध्ये सर्वोत्तम माणसाकडे पाहिजे तेव्हा चेंडू देता येतो. बेसबॉलमध्ये डॉजर्सचा ओहतानी असला तरी त्याला नऊ जणांच्या रांगेत उभं राहून पाळीची वाट बघावी लागते, आणि तिथे उत्तमातला उत्तम बॅटरही दहापैकी सहा वेळा बादच होतो. उत्तम संघ १६२ पैकी शंभर मॅच जिंकतो, म्हणजे साठेक हरतोच. अशा खेळात सात मॅचच्या मालिकेत काहीही होऊ शकतं. पैशाने ऑक्टोबरचं, म्हणजे बाद फेरीचं, तिकीट मिळतं, ऑक्टोबर मिळत नाही.


मिसिसागाची_मावशी
मंगळ, ४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५०

आकडेमोडांशी सहमत, आणि सहमत व्हायला मला किती त्रास होतोय ते माझं मला माहीत.

शनिवारी आमच्याकडे चौदा माणसं होती. सासूबाईंना नियम कळत नाहीत, पण त्या देवासमोर निरांजन लावून बसल्या होत्या. नवव्या डावात आम्ही टोरंटोवाले ४-३ ने पुढे, दोनच गडी बाद करायचे बाकी. समोर आला मिगेल रोहास. छत्तीस वर्षांचा, शेवटच्या क्रमांकावर खेळणारा, डॉजर्सच्या त्या कोट्यवधींच्या यादीतला किरकोळ खर्चाचा माणूस. ओहतानी नाही, बेट्स नाही, रोहास! त्याने चेंडू डाव्या कोपऱ्यात प्रेक्षकांत धाडला. घरात असं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

आणि त्याच डावात आमची पाळी आली तेव्हा तिन्ही बेस भरलेले, एक धाव की किताब. आमचा काइनर-फलेफा तिसऱ्या बेसला चिकटून उभा होता. दोन पावलं पुढे असता तर सुटला असता. होम प्लेटवर (धाव पूर्ण होते तिथे) इंचभराने बाद, आणि तिथेही फेक रोहासचीच. आता या इंचाची किंमत कुठल्या पगारपत्रकात लिहायची?

आमचे टोरंटोचे ब्लू जेज काही गरीब नव्हेत हे मान्य करते. एप्रिलमध्येच ग्युरेरोला १४ वर्षांचे ५० कोटी डॉलर दिलेत. त्यामुळे गरीब बिचारे विरुद्ध धनदांडगे अशी ही लढाई नव्हती. श्रीमंत विरुद्ध अतिश्रीमंत.


मॉन्रोव्हिलकर
बुध, ५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:१०

मावशी, निरांजनाचं वाचून हसावं की रडावं कळेना.

आकडेमोड, तुमची सगळी उदाहरणं खरी आहेत. पण ती उदाहरणं म्हणूनच लक्षात राहतात ना? गरीब घरातला मुलगा बोर्डात पहिला आला की पेपरात फोटो येतो. श्रीमंताचा ऐंशी टक्क्यांवाला कॉलेजात शांतपणे जागा घेऊन बसतो.

यंदाचं मिलवॉकी घ्या. ९७ विजय, आख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त. मोसमात डॉजर्सशी सहा मॅच झाल्या, सहाच्या सहा मिलवॉकीने जिंकल्या. ऑक्टोबरात चारच्या चार हरले. चौथ्या मॅचला ओहतानीने पिचर म्हणून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं (फटका न मारू देताच बाद) आणि स्वतः तीन होम रन ठोकले, ते सोडा, तो माणूस कुठल्याही हिशेबात बसत नाही. पण बाकीचं पाहा. डॉजर्सनी पिचर ब्लेक स्नेलला पाच वर्षांचे १८.२ कोटी देऊन आणलं आणि तो एप्रिलपासून जुलैअखेर जायबंदी. ग्लासनाऊ दोनेक महिने बाहेर. सासाकी बाहेर. दुसरा कुठला संघ असता तर मे महिन्यातच दुकान बंद. यांनी बदली माणसं लावून निभावलं, आणि ऑक्टोबरात तिघेही ताजेतवाने होऊन हजर.

माझ्या मते पैशाने सर्वांत आधी विकत मिळते ती चूक पचवायची ताकद. आमच्या पायरेट्सनी इतिहासातला सर्वांत मोठा करार केला तो १०.६७ कोटींचा, ब्रायन रेनल्ड्सशी, आठ वर्षांसाठी. एवढा एक करार फसला तर आमची पाच वर्षं गेली. डॉजर्सचा फसला तर ते दुसरा करतात.


गिरणगावचा
बुध, ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:२०

माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप मी पाचवीत असताना घरात बसून पाहिलाय. त्यामुळे मालक जेव्हा 'सर्वांच्या भल्यासाठी' पगाराला मर्यादा घालू म्हणतो तेव्हा माझा हात आपोआप खिशावर जातो.

बेसबॉलच्या खेळाडूंनी कॅप अशी सहजासहजी रोखलेली नाही. पूर्वी नियम असा होता की करार संपला तरी खेळाडू त्याच संघाच्या दावणीला. कर्ट फ्लड नावाचा खेळाडू बारा वर्षं सेंट लुईसकडून खेळला, १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने नकार दिला, कोर्टात गेला, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला, आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पुढे मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांनी कराराविना एक मोसम काढला, आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने त्यांना मोकळं ठरवलं. तुम्ही ज्याला फ्री एजंट म्हणता तो असा जन्मला.

१९९४ मध्ये मालकांनी कॅप पुढे केली. १२ ऑगस्टला संप झाला, २३२ दिवस चालला, वर्ल्ड सिरीज रद्द. १९०४ नंतर पहिल्यांदा. दोन महायुद्धांत जे झालं नाही ते कॅपच्या हट्टापायी झालं. शेवटी न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशबाईंनी मालकांना जुन्या अटी चालू ठेवायला लावल्या. त्या बाई म्हणजे सोनिया सोटोमायोर, आज सुप्रीम कोर्टात आहेत.

आता मॉन्रोव्हिलकर, तुमच्या मुद्द्यावर येतो. कॅप उद्या लागली समजा. डॉजर्सचा पगार कमी झाला. वाचलेला पैसा कुठे जाईल? पिट्सबर्गला? अजिबात नाही, डॉजर्सच्या मालकांच्या खिशात जाईल. तुमच्या मालकाला स्कीन्सला राखायची इच्छा कॅपने कशी होणार? आत्ताही प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग सामायिक पेटीत टाकतो आणि ती पेटी तिसांत सारखी वाटली जाते. म्हणजे छोट्या संघांना दरवर्षी आयता पैसा मिळतोच. तो संघावर खर्च होतो का? २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध याच कारणासाठी तक्रार गुदरली होती: मायामी, ओकलंड, टँपा बे आणि तुमचे पायरेट्स.

कॅपच्या जोडीला 'किमान इतका खर्च केलाच पाहिजे' अशी खालची मर्यादा आणा, मग बोलू. नुसतं छप्पर खाली आणून घर मोठं होत नाही.


तिरकस_तात्या
बुध, ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३१

कोट्यधीश कामगार विरुद्ध अब्जाधीश मालक. आमच्यासारख्यांनी लाल बावटा नेमका कुणाच्या बाजूने धरायचा?


गिरणगावचा
बुध, ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४४

तात्या, ज्याचा खांदा निकामी झाला की दुसऱ्या दिवशी उत्पन्न बंद होतं त्याच्या बाजूने. मालकाचा खांदा निकामी झालेला मी अजून पाहिला नाही.


मिसिसागाची_मावशी
गुरु, ६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:५५

१९९४ चा विषय निघालाच आहे तर माँट्रियलची आठवण काढते. संप सुरू झाला तेव्हा माँट्रियल एक्स्पोजचे ७४ विजय आणि ४० पराभव होते, लीगमध्ये पहिला नंबर, पगार तळाच्या संघांपैकी. ते वर्ष पुसलं गेलं, मग चांगले खेळाडू एकेक करून गेले, मैदान ओस पडत गेलं आणि २००५ मध्ये संघच वॉशिंग्टनला नेला. माझे यजमान तेव्हा माँट्रियलमध्ये शिकत होते. ते आजही वॉशिंग्टनची मॅच लागली की चॅनल बदलतात.


चीजकट्टा
गुरु, ६ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:०५

मी मिलवॉकीजवळ राहते. एवढा वेळ वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही.

मॉन्रोव्हिलकरांनी तीन संघांचं उदाहरण दिलं, आमच्याकडचं त्याहून बोलकं आहे. फुटबॉलचे पॅकर्स ग्रीन बे नावाच्या गावात आहेत. वस्ती जेमतेम लाखभर. मालक एक माणूस नाही, लोकांनीच शेअर घेतलेत (लाभांश नाही, शेअर विकता येत नाही, नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं. आमच्या शेजाऱ्यांच्या जिन्यात आहे). तरी चार सुपर बोल. का? कारण फुटबॉलचे टीव्हीचे हक्क लीग एकगठ्ठा विकते आणि पैसा सगळ्यांना सारखा वाटते. न्यूयॉर्कला जेवढा, तेवढाच ग्रीन बेला.

बेसबॉलमध्ये मोसमात रोज मॅच. त्या परंपरेने स्थानिक चॅनलवर दाखवल्या जातात आणि ते हक्क ज्याचे त्याने विकायचे. डॉजर्सचा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा म्हणून गाजला. लॉस एंजेलिसमध्ये घरं किती, मिलवॉकीत किती, तुम्हीच बघा. त्यात २०२३ मध्ये अशा स्थानिक चॅनलांची एक मोठी कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि कितीतरी छोट्या संघांचं ठरलेलं उत्पन्न डळमळलं. एकच राज्य, एकच मी, रविवारी पॅकर्ससाठी ओरडते तेव्हा आमचा संघ गरीब आहे असं मनातही येत नाही. बेसबॉलच्या आमच्या ब्रूअर्सची मॅच बघताना ते विसरता येत नाही. हेडर गेला, बर्न्स गेला, विल्यम्स गेला, अडामेस गेला. दरवर्षी पाहुणचार करून पाठवणी करायची. माहेरच झालंय आमचं मैदान.

त्यामुळे मला वाटतं पगाराची कॅप हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न टीव्हीचा.


आकडेमोड
गुरु, ६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:४०

चीजकट्टा, हा आतापर्यंतचा सर्वांत नेमका प्रतिसाद. 'माहेर' तर दंडवत.

मॉन्रोव्हिलकर, एक छोटी दुरुस्ती. स्टीलर्सच्या सहा किताबांपैकी चार सत्तरच्या दशकातले. फुटबॉलमध्ये कॅप आली १९९४ मध्ये. त्यामुळे ते चार कॅपच्या खात्यात टाकता येणार नाहीत.

आणि मिलवॉकीच्या माहेरातून मुली जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत हेही खरं. विल्यम्सच्या बदल्यात आलेला डर्बिन यंदा तिसऱ्या बेसवर रोज खेळला. क्लीव्हलंडने यंदा डेट्रॉईटची साडेपंधरा मॅचची आघाडी भरून काढून गट जिंकला, पगार बेताचाच. मग त्याच नियमांत, तेवढ्याच तोकड्या पैशात पिट्सबर्गला का जमत नाही? उलट शिकागोच्या व्हाइट सॉक्सला गावाचा काय तोटा? २०२४ मध्ये १२१ हरले. दारिद्र्याचे दोन प्रकार असतात, पाकिटाचं आणि अकलेचं.


मॉन्रोव्हिलकर
गुरु, ६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१५

दुरुस्ती मान्य. घाईत चार सुपर बोल ढापले.

अकलेच्या दारिद्र्याबद्दल काय बोलू? यंदा एप्रिलमध्ये आमच्या मैदानात उजवीकडच्या भिंतीवरचा रोबर्तो क्लेमेंटेचा २१ आकडा झाकून तिथे दारूच्या पेयाची जाहिरात लावली होती. क्लेमेंटे कोण? १९७२ च्या वर्षअखेरीला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघाला आणि विमान अपघातात गेला तो आमचा खेळाडू. भिंत २१ फूट उंच आहे तीच त्याच्या आकड्यासाठी. गावभर बोंब झाली, त्याच्या मुलाने नाराजी सांगितली, मग आकडा परत आला. प्रेक्षक 'संघ विका' म्हणून ओरडतात ते उगाच नाही. तेव्हा गिरणगावच्या भाऊंचा मुद्दा मी निम्मा स्वीकारतो. आमचा मालक उद्या कॅप आली तरी हात आखडताच ठेवेल. पण उरलेला निम्मा माझा: मालक दानशूर असता तरी लॉस एंजेलिसशी बोली लावू शकला नसता.


तिरकस_तात्या
शुक्र, ७ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:२०

मला ओहतानीचं गणित कुणी समजावेल का? ७० कोटी म्हणतात आणि वर्षाला २० लाखच घेतो म्हणतात. आमचा वाणीसुद्धा एवढी उधारी ठेवत नाही.


आकडेमोड
शुक्र, ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:४५

तात्या, उधारीच आहे. दहा वर्षांचे ७० कोटी, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे, बिनव्याजी. उद्याच्या रुपयाची किंमत आज कमी, म्हणून लक्झरी टॅक्सच्या हिशेबात हा करार वर्षाला ७ कोटी नाही तर साधारण ४.६ कोटी धरतात. लक्झरी टॅक्स म्हणजे ठरावीक रकमेवर (यंदा २४.१ कोटी) पगार गेला तर वरच्या भागावर दंड. सलग वर्षं ओलांडलीत की दर वाढतो, आणि फारच वर गेलात तर डॉलरमागे डॉलरहून जास्त भरायचा.

हे बेकायदा नाही, नवीनही नाही. मेट्स बॉबी बोनियाला दर १ जुलैला जवळपास बारा लाख डॉलर देतात, २०३५ पर्यंत. तो निवृत्त झाला २००१ साली. तिथे त्या तारखेला चाहते त्याच्या नावाने शुभेच्छा देतात.

पण कॅपवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जपानहून आलेला रोकी सासाकी पंचविशीच्या आतला म्हणून नियमाने त्याला मोठा करार देताच येत नव्हता. साधारण सारख्याच पैशात कुठेही गेला असता. गेला डॉजर्सकडे, ६५ लाखांत. तिथे पैसा नव्हे, ओहतानी, यामामोटो हे देशबांधव आणि पॅसिफिकचा किनारा कामाला आला. त्याला कुठली कॅप लावणार?


चिंचपोकळीचा_चौकार
शुक्र, ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:१०

शुभेच्छा काय देतात, 'बोनिया दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'? बॅनर लावायला आमच्या नगरसेवकाला पाठवतो.


मॉन्रोव्हिलकर
गुरु, १३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:३०

काल स्कीन्सला साय यंग मिळालं! नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर, एकमताने. नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा. आणि त्याच्या खात्यावरचे जय-पराजय? १०-१०. जगातल्या सर्वोत्तम पिचरचा संघ त्याच्यासाठी धावाच काढत नाही.

मे महिन्यात फिलाडेल्फियाला तो पूर्ण आठ डाव एकटा टाकत होता. आम्ही दोघं सोफ्यावर. एक धाव दिली त्याने, एक! आम्ही ०-१ ने हरलो. शेवटी कॅमेरा त्याच्यावर गेला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. पोरगं म्हणालं, "बाबा, तो दमलाय का?" मला तो चेहरा ओळखीचा वाटला. आपल्या हातातलं काम चोख करून ऑफिसातून घरी निघालेल्या माणसाचा, ज्याने दुसरीकडे अर्ज टाकायचं मनात ठरवलंय.

आकडेमोड, तुम्ही म्हणता किताब विकत मिळत नाही. नसेल. मला किताब नकोच आहे हो. एप्रिलमध्ये मैदानात शिरताना 'कदाचित' म्हणता आलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.


गिरणगावचा
रवि, २१ डिसेंबर २०२५, रात्री १०:००

धागा वर काढतोय. लक्झरी टॅक्सचे आकडे आलेत. डॉजर्सना यंदाचा दंड १६.९४ कोटी डॉलर, आजवरचा विक्रम. नुसता दंड हं! मिलवॉकीच्या आख्ख्या संघाचा पगार याहून कमी आहे.

खेळाडू आणि मालकांमधला सध्याचा करार संपतोय १ डिसेंबर २०२६ ला. मागच्या वेळी संपला तेव्हा मालकांनी ९९ दिवस टाळेबंदी केली होती. यंदा जुलैमध्ये कमिशनर मॅनफ्रेड फिलाडेल्फियाच्या खेळाडूंना भेटायला गेले, तेव्हा कॅपचं बोलायचं असेल तर इथून चालते व्हा, अशा अर्थाचं ब्राइस हार्परने तोंडावर सुनावलं होतं. लक्षणं ठीक नाहीत. २०२७ च्या एप्रिलमध्ये मैदानं बंद दिसली तर आश्चर्य वाटायला नको.


चीजकट्टा
सोम, २२ डिसेंबर २०२५, सकाळी ९:३५

दंड भरून वर किताब. आमच्याकडे याला दंड नाही, प्रवेश फी म्हणतात.

टाळेबंदी झालीच तर निदान टीव्हीच्या पैशाचं काहीतरी ठरवून उठावं. स्थानिक हक्क एकत्र करून विकायचं मालकांच्याच मनात आहे म्हणे, पण त्यातही मोठ्या संघांनी आपलं ताट का वाढून द्यावं? खरं भांडण खेळाडू आणि मालकांत नाहीच, श्रीमंत मालक आणि गरीब मालकांत आहे. चटके मात्र खेळाडूंना आणि आपल्याला.


चिंचपोकळीचा_चौकार
सोम, २२ डिसेंबर २०२५, सकाळी ११:५०

मॉन्रोव्हिलकर, ऑफिसच्या कामासाठी मे महिन्यात पिट्सबर्गला येतोय. एवढं वाचल्यावर स्कीन्सला बघायलाच हवं. तिकिटं किती आधी काढून ठेवू? आणि जर्सी घेतलीत की नाही शेवटी?


मॉन्रोव्हिलकर
सोम, २२ डिसेंबर २०२५, रात्री ८:२०

घेतली. बरोबर मापाची. आत्ता घालतोय, आत्ता बसली पाहिजे.

तिकिटं आधी काढायची काही गरज नाही. पूल ओलांडून या, खिडकीवर मिळतात.